पिशवी संस्थेची, नाव आपलं

जळगावात बारावीनंतर घर अंगावर पडलेल्या मुलासाठी पैशाच्या धंद्यातलं एक दार कायम उघडं असतं, ते पिग्मीचं, म्हणजे पतसंस्थेसाठी दुकानोदुकानी फिरून लोकांची रोजची बचत गोळा करण्याचं. पदवी कोणी विचारत नाही. ओळखीचे जामीन लागतात, थोडी अनामत लागते आणि बाजारात चार लोक नावानं ओळखणारे असावे लागतात. माझे वडील दालमिलमध्ये हमाली करायचे. त्यांची पाठ गेली तेव्हा मी हेच दार धरलं. फुले मार्केट, दाणा बाजार, नेरी नाका असा रोजचा फेरा. शेकड्याला तीन रुपये कमिशन. दिवसभरात दहा हजार गोळा झाले तर तीनशे सुटायचे. त्यावर बहिणीचं शिक्षण झालं, आईचं औषधपाणी चाललं. या कामाला मी आजही कमी लेखत नाही.

पण 2007च्या सुमारास आमच्या जिल्ह्यात एकामागून एक पतसंस्था अडचणीत येऊ लागल्या, आणि मी जिची पिशवी घेऊन फिरायचो तिचंही शटर खाली आलं. भाजीवाल्या मावश्या संचालकांच्या बंगल्यावर कुठून जाणार? त्या माझ्या घरी आल्या. "भाऊ, तुझ्याकडे पाहून दिले होते रे," एवढंच म्हणाल्या. पासबुकावर शिक्का संस्थेचा होता, विश्वास माझ्यावर टाकलेला होता. त्यांचे अर्ज लिहून देणं, त्यांच्याबरोबर उपनिबंधक कार्यालयात जाऊन बसणं हे पुढे बरीच वर्षं चाललं. काहींना थोडेफार पैसे मिळाले, काहींना दमडीही नाही.

म्हणून पदवी नसताना या कामात येणाऱ्यांनो, आधी हे ध्यानात घ्या: तुमच्याकडे कागद नाही, तेव्हा लोक पैसे देतात ते तुमच्या नावावर. ते नाव कोणाला वापरू द्यायचं हे आधी ठरवा, कमिशन किती ते नंतर. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. 2020 पूर्वी ते 1 लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, पाटी कितीही मोठी असली तरी. अनेक राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट संस्थेची नोंदणी तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे असते, तक्रार घेऊन तिथवर कोण जाणार? ग्राहकानं विचारायची वाट पाहू नका, हे सगळं स्वतःहून सांगा. दोन खाती कमी मिळतील, मिळू द्या.

लग्नानंतर मी धुळ्याला आलो आणि एका सीएंच्या कार्यालयात टॅलीवर बसलो. पगार लहान, पण दर महिन्याला येणारा. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि आग्रा रोडवरचे छोटे व्यापारी बिलांच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे येऊ लागले. हात चालणाऱ्या माणसाला तेव्हा कामाची कमी नव्हती. पण भिंतही तिथेच लागली. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून स्वतःच्या नावानं नोंदणी करायची तर पदवी हवी. सेबीकडे गुंतवणूक सल्लागार व्हायचं तरी पदवी हवी. अनुभवाला त्या अर्जात रकानाच नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी करणाऱ्यांसाठीही आहे. मी तिथून बी.कॉम. केलं, मुलं झोपल्यावर पुस्तक उघडायचो आणि घरातली सगळी कामं त्या काळात बायकोनं ओढली. हे श्रेय तिचं आहे.

म्युच्युअल फंड वितरकाचा रस्ताही चांगला आहे. सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची परीक्षा, 100 गुण, 50 ला उत्तीर्ण, प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. मात्र गणित घालून बघा. सुरुवातीलाच एकरकमी मिळणारं कमिशन सेबीनं 2018 मध्ये बंद केलं. आता वर्षाला शंभरामागे समजा 80 पैसे मिळाले, तर ग्राहकांचे 1 कोटी रुपये जमल्यावर वर्षाचे 80 हजार होतात, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या आसपास. धुळ्यासारख्या गावात 1 कोटी जमवायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मोजा. तोवर किराणा कोण भरणार?

घरात ठरलेला एक पगार सुरू असल्याशिवाय नुसत्या कमिशनवर उतरू नका. आणि मुक्त विद्यापीठाचा अर्ज पुढच्या वर्षावर ढकलू नका, यंदाच भरा.