पगार, घर आणि जमीन : सिंगापूर व हाँगकाँग येथील राहणीमान

एखादे शहर महाग आहे की स्वस्त, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. तांदळाचा भाव, घरभाडे आणि बसचे तिकीट यांची बेरीज केली की उत्तर हाती येईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु समान उत्पन्नाची दोन कुटुंबे दोन भिन्न शहरांत ठेवून पाहिली, तर ही बेरीज अपुरी ठरते. शाळा, इस्पितळ, पाणी व प्रवास यांपैकी किती गोष्टी शासनाकडून मिळतात आणि किती स्वतःच्या खिशातून विकत घ्याव्या लागतात, यावर पगाराचे खरे मोल अवलंबून असते. या दृष्टीने आशिया खंडातील सिंगापूर व हाँगकाँग या दोन शहरांची तुलना उद्बोधक आहे.

दोन्ही शहरे बंदरे म्हणून वाढली. दोन्ही ब्रिटिश अंमलाखाली होती. दोहोंची बहुसंख्य वस्ती चिनी वंशाची असून जमीन अत्यंत मर्यादित आहे. सिंगापूर १९६५ मध्ये स्वतंत्र राष्ट्र झाले. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनच्या स्वाधीन होऊन विशेष प्रशासकीय प्रदेश बनले. सिंगापूरची लोकसंख्या सुमारे ६० लाख, तर हाँगकाँगची सुमारे ७५ लाख आहे. इतके साम्य असूनही सामान्य कुटुंबाच्या वाट्याला येणारे जीवन दोन्हीकडे भिन्न आहे. हा फरक का पडला, हे पाहण्यासारखे आहे.

निर्देशांक कोणाच्या खर्चाचा?

जगातील महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. मर्सर या सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या यादीत हाँगकाँग पहिले, तर सिंगापूर दुसरे होते. मात्र ही पाहणी मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरविण्यासाठी केली जाते. खाजगी इमारतीतील भाड्याचे घर आणि परदेशी अधिकाऱ्याच्या सवयीच्या वस्तू यांना तीत महत्त्व असते.

सिंगापूरमध्ये मोटार घेण्यापूर्वी ठराविक मुदतीचा परवाना लिलावात बोली लावून मिळवावा लागतो. ही पद्धत १९९० पासून अमलात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारीच्या परवान्याची बोली दीड लाख सिंगापूर डॉलरपर्यंत गेली होती आणि मोटारीची किंमत त्याहून वेगळी. मोटार बाळगणाऱ्यास हे शहर जगातील अतिमहागड्या शहरांपैकी एक वाटेल, यात नवल नाही. परंतु मंडळाच्या सदनिकेत राहणारा, भूमिगत रेल्वेने कामावर जाणारा आणि दुपारचे जेवण सार्वजनिक खाद्यकेंद्रात घेणारा कारकून या आकड्यात कोठेच नसतो. म्हणून महागाईचा कोणताही निर्देशांक वाचताना तो कोणाच्या खर्चाचा आहे, हे प्रथम विचारले पाहिजे.

दोन आगी आणि दोन मार्ग

दोन्ही शहरांच्या गृहनिर्माणाच्या इतिहासात आगीचे स्थान मोठे आहे. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री हाँगकाँगमधील शेक किप मेई येथील झोपडवस्ती जळाली आणि सुमारे ५३ हजार लोक बेघर झाले. त्यानंतर शासनाने पुनर्वसनाच्या बहुमजली इमारती उभारण्यास आरंभ केला. प्रौढ व्यक्तीस २४ चौरस फूट जागा, सामायिक नळ आणि सामायिक शौचकूप असे त्यांचे स्वरूप होते. १९७२ मध्ये १८ लाख लोकांसाठी दहा वर्षांचा गृहनिर्माण कार्यक्रम जाहीर झाला, तर १९७८ मध्ये सवलतीच्या दराने मालकीची घरे देण्याची योजना सुरू झाली.

सिंगापूरमध्ये गृहनिर्माण व विकास मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी येथील आगीत सुमारे १६ हजार लोक बेघर झाले आणि मंडळाच्या कामास वेग आला. पहिल्या पाच वर्षांत मंडळाने ५० हजारांहून अधिक घरे बांधली. त्यापूर्वीच्या संस्थेने तीन दशकांत याच्या निम्मीही घरे बांधली नव्हती.

येथून दोन्ही मार्ग वेगळे झाले. हाँगकाँगने सार्वजनिक घर हे प्रामुख्याने गरिबांसाठी भाड्याचे घर मानले. सिंगापूरने १९६४ मध्ये मालकी हक्काची योजना आणली आणि १९६८ मध्ये कामगारांना भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम घर घेण्यासाठी वापरण्याची मुभा दिली. आज सिंगापूरमधील निवासी नागरिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक लोक मंडळाच्या घरांत राहतात आणि दहांपैकी सुमारे नऊ कुटुंबे घराची मालक आहेत. हाँगकाँगमध्ये मालकीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे निम्मे आहे.

जमिनीचे उत्पन्न कोठे जाते?

या फरकाचे मूळ जमिनीच्या धोरणात आहे. सिंगापूरने १९६६ मध्ये भूमिसंपादन कायदा केला. सार्वजनिक कामासाठी जमीन घेणे त्यामुळे सुकर झाले. पुढे भरपाई जुन्या तारखेच्या मूल्यावर बांधली गेली. बाजारभावाने भरपाई देण्याची तरतूद २००७ मध्ये झाली. म्हणजेच स्वस्त घरांच्या किमतीचा काही भाग जुन्या जमीनमालकांनी सोसला, हे विसरता येणार नाही. शिवाय शासनाने जमीन विकून मिळालेला पैसा तेथे वार्षिक खर्चासाठी वापरला जात नाही; तो राखीव निधीत जमा होतो.

हाँगकाँगमध्येही जवळजवळ सर्व जमीन शासनाच्या मालकीची असून ती पट्ट्याने दिली जाते. पण तेथे या पट्ट्यांचे अधिमूल्य हेच शासकीय तिजोरीचे एक प्रमुख साधन ठरले. २०१७-१८ मध्ये ही रक्कम सुमारे १६,५०० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे एकूण महसुलाच्या चतुर्थांशाहून अधिक होती. तेथे विक्रीकर नाही आणि प्राप्तिकरही अल्प आहे. सिंगापूरमध्ये मात्र वस्तू व सेवा कर १९९४ मध्ये ३ टक्के होता, तो २०२४ पासून ९ टक्के झाला आहे.

अर्थात, कर कमी म्हणजे भार कमी असे होत नाही. शासनाला जमिनीतून अधिक उत्पन्न मिळावे, तर जमिनीचा भाव चढा राहावा लागतो. तो चढा राहिला की घर महाग होते. जो भार कराच्या पावतीवर दिसत नाही, तो घरभाड्याच्या पावतीवर दिसतो. श्रीमंत करदात्यास कमी कराचा लाभ होतो आणि घर नसलेल्या कुटुंबास चढ्या भाड्याचा भुर्दंड पडतो. हे उत्पन्न भरवशाचेही नसते. जागांचा बाजार मंदावताच २०२३-२४ मध्ये ते सुमारे २,००० कोटी हाँगकाँग डॉलरवर उतरले.

चार भिंतींतील अंतर

घराच्या आकारात हा फरक प्रत्यक्ष दिसतो. सिंगापूरमधील मंडळाच्या 'चार खोल्यांच्या' सदनिकेत तीन शयनगृहे असून तिचे क्षेत्रफळ साधारणपणे ९० चौरस मीटर असते. हाँगकाँगमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार दोन लाखांहून अधिक लोक विभागलेल्या घरांत राहत होते. अशा घरांत एकाच सदनिकेचे अनेक लहान कप्पे करून ते वेगवेगळ्या कुटुंबांना भाड्याने दिले जातात. स्वयंपाक आणि शौचालय काही ठिकाणी एकाच कोपऱ्यात असतात. येथे राहणाऱ्यांपैकी अनेक जण सार्वजनिक घराच्या प्रतीक्षायादीत असतात. या घरांसाठी तीन वर्षांत वाटप करण्याचे उद्दिष्ट होते. २०२२ मध्ये प्रतीक्षेचा सरासरी काळ सहा वर्षांवर गेला होता. सहा वर्षे म्हणजे मुलाचे संपूर्ण प्राथमिक शिक्षण. अभ्यासाला जागा नसलेल्या खोलीत ते पार पडते, तेव्हा त्याची किंमत कोणत्याही निर्देशांकात नोंदली जात नाही.

मात्र जमिनीचा तुटवडा केवळ निसर्गनिर्मित नाही. हाँगकाँगच्या भूभागाचा सुमारे ४० टक्के भाग राखीव वनोद्याने व तत्सम क्षेत्रांत मोडतो. शहरवासीयांना डोंगर व मोकळी हवा लाभते, ही त्याची दुसरी बाजू होय. वनोद्यान राखावे की घरे बांधावीत, हा तेथील खराखुरा पेच आहे.

जेवण, प्रवास आणि आरोग्य

घराव्यतिरिक्त अन्य बाबतींत हाँगकाँगची बाजू दुबळी नाही. तेथील भूमिगत रेल्वे १९७९ मध्ये सुरू झाली. रोजच्या प्रवासांपैकी सुमारे ९० टक्के प्रवास सार्वजनिक वाहनांनी होतात. सार्वजनिक इस्पितळांचा बहुतांश खर्च शासन उचलते. सरासरी आयुर्मानात हाँगकाँग जगात अग्रभागी गणले जाते.

सिंगापूरमध्ये भूमिगत रेल्वे १९८७ मध्ये धावू लागली. वैद्यकीय खर्चासाठी पगारातून सक्तीची बचत करण्याची योजना १९८४ पासून आहे. रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांना १९७० च्या दशकात नळ व गटारांची सोय असलेल्या खाद्यकेंद्रांत जागा देण्यात आल्या. त्यामुळे स्वच्छता साधली आणि कामगाराचे जेवणही आवाक्यात राहिले. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीची मानवतेच्या वारशात नोंद केली.

हिशेबाची दुसरी बाजू

सिंगापूरची व्यवस्थाही निर्दोष नाही. मंडळाची घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात. पट्टा जसजसा सरत जातो, तसतसे घराचे मोल घटण्याची चिंता वाढते. ५५ वर्षांपर्यंतच्या बहुसंख्य कामगारांच्या वेतनावर भविष्यनिर्वाह निधीसाठी मालक व कामगार मिळून ३७ टक्के वर्गणी भरली जाते. तिचा मोठा हिस्सा घरात गुंतला की वार्धक्यात घर असते, पण हाती रोकड थोडी असते.

तसेच दोन्ही शहरांच्या सुबत्तेचा पाया घालणारे अनेक जण या हिशेबाबाहेरच राहतात. सिंगापूरमधील परदेशी बांधकाम मजूर सामूहिक वसतिगृहांत राहतात. २०२० च्या करोना साथीत या वसतिगृहांतील दाटी जगासमोर आली. हाँगकाँगमधील परदेशी घरकामगार स्त्रियांना मालकाच्या घरीच राहावे लागते. शहराचे राहणीमान मोजताना त्यांना वगळले, तर माप खोटे ठरेल.

तुलनेचा बोध

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वस्तूंचे भाव बाजार ठरवितो. पण घराचा भाव बव्हंशी जमिनीचे धोरण ठरविते आणि कुटुंबाच्या पगारातून अखेर काय उरते, हे घराच्या भावावर ठरते. समान परिस्थितीतून निघालेली दोन शहरे साठ वर्षांत दोन टोकांना पोहोचली, ती या एका निर्णयामुळे. महाराष्ट्रातही १९७० मध्ये सिडको आणि १९७७ मध्ये म्हाडा यांच्या स्थापनेमागे जमीन व घर यांचाच प्रश्न होता.

लहान गावालाही हा विचार परका नाही. गावठाणालगतची जमीन कोणासाठी राखावयाची, शाळेस व दवाखान्यास जागा कोठे सोडावयाची आणि जागेच्या विक्रीतून येणारा पैसा चालू खर्चात घालावयाचा की पुढील पिढीसाठी ठेवावयाचा, हे प्रश्न ग्रामपंचायतीच्या सभेतही येतात. त्यांचा निर्णय करताना आज तिजोरीत किती भर पडेल एवढेच न पाहता, वीस वर्षांनी गावातील मजुराला घर परवडेल काय, हेही विचारले पाहिजे.