जिग खडकात अडकते, काय करू?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो. बोटीवरून रॉकफिश पकडताना धातूची जिग सतत खडकात अडकून तुटते. कोणती निवडावी?

उत्तर : आधी वजन पाहा. तळ हाताला जाणवेल एवढी जड, पण त्याहून जड नको. 30 ते 40 मीटर खोलीवर साधारण 100 ते 150 ग्रॅम पुरते. प्रवाह किंवा वारा वाढला की वजन वाढवा. दोरी बारीक, विणलेली घ्या. ती पाणी सरळ कापते. खालचा तीनकाट्यांचा गळ काढून वरच्या टोकाला एकच गळ बांधा. निम्मी अडकाअडकी तिथेच थांबेल.

जिग तळाला टेकताच रीळ दोन-तीन वेढे गुंडाळा. मग काठी हळू उचला आणि जिगबरोबरच खाली न्या. मासा बहुधा जिग खाली पडतानाच धरतो, म्हणून दोरी सैल सोडू नका. बोट सरकेल तसा तळ पुन्हा तपासत राहा.

एक कळकळीची विनंती. खोलातून वर येताना या माशाची हवेची पिशवी फुगते. नुसता सोडला तर तो तरंगत मरतो. यलोआय रॉकफिश शंभरहून अधिक वर्षे जगू शकतो आणि कॅलिफोर्नियात तो ठेवायला बंदी आहे. मासा परत खोलवर नेऊन सोडणारे वजनदार साधन बोटीवर तयार ठेवाच. निघण्यापूर्वी त्या हंगामाचे नियमही वाचा.