आता पिस्तूल घेतेयस तर ऐक

घे गं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकशील. मोबाईलमध्ये त्या पिस्तुलाचे फोटो साठवून साठवून जागा संपली तुझी. रेंजवर दुसऱ्या कुणाचं हातात आलं की परत देताना तुझा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. भिशी लागली, आरडी संपली, पैसे खात्यात आले आणि आता नेमकं तुझं सुरू झालंय, "ताई, एवढे पैसे घालू का गं?"

खरं सांगू का, पैशापेक्षा तुला लाज जास्त छळतेय. एवढ्यात स्कूटर आली असती, आईची बांगडी झाली असती, आणि आपण दहा मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायला निघालोय, असं रात्री मनात येतं ना? मग हे ऐक. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदकं आणली, तेव्हा तिचं पिस्तूल एक कोटीचं आहे असं लोक ठोकून देत होते. शेवटी तिनेच सांगितलं, की ते दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरातलं, एकदाच करायचा खर्च आहे. म्हणजे ऑलिम्पिकच्या पदकाला पोचलेली वस्तू आणि तू घेणार ती वस्तू एकाच पंक्तीतली. असे खेळ किती असतील, सांग बरं? आणि जीन्सच्या कारखान्याचे हिशेब लिहून साठवलेला पैसा तुझा आहे. तो कुठे घालायचा हे तूच ठरवायचं.

शिवाय क्लबच्या पिस्तुलाचं आता पुरे झालं. त्याच्या ग्रिपला दहाजणींच्या तळहातांचा घाम, आणि मागची साइट जो येतो तो आपल्यापुरती फिरवून जातो. प्रत्येक वेळी पहिल्या दहा गोळ्या तर ती जागेवर आणण्यातच जातात. त्यावर तू जे स्कोअर काढलेस, ते बघूनच मी म्हणतेय, घे.

दुसरी धास्तीही मला ठाऊक आहे. उल्हासनगरच्या आपल्या कॅम्प पाचमध्ये "अमक्यांच्या मुलीने पिस्तूल घेतलं" एवढं वाक्य कुणी जिन्यात उच्चारलं, तर नेताजी चौकात पोचेपर्यंत त्याचं काय होईल! आपल्या हिललाईन पोलीस ठाण्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये गोळीबार झाला आणि अख्ख्या देशाने तो टीव्हीवर पाहिला. लोक बिचकले तर त्यांचं चुकलं म्हणता येणार नाही. म्हणून एक कर, बघ. समोरच्या आंटींना काही सांगायचं असेल तर टार्गेटचा कागद दाखव. पिस्तूल नको, कागद. मधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा आहे, आणि तो दहा मीटरवरून, एका हाताने, कशाचाही आधार न घेता मारायचा, हे कळलं की त्याच आंटी पुढच्या स्पर्धेला तुझ्यासाठी सिंधी कोकी बांधून देतील.

घरात मात्र काकांना पुढे कर. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म गेलाय त्यांचा. हत्याराशी कसं वागायचं, हे ते आईला तुझ्यापेक्षा नीट समजावतील. तसंही आपलं गाव लष्कराच्या छावणीवरच वसलेलं. आजही पत्ता सांगताना बॅरक नंबर लागतो आपल्याला, आणि एका एअर पिस्तुलाने घाबरायचं?

कायद्याचं एकदा समजून घे, म्हणजे कुणी विचारलं तर ततपप होणार नाही. तुझं पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं, दाबलेल्या हवेवर चालणारं. २० ज्यूलच्या आतल्या अशा एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि स्पर्धेची पिस्तुलं त्या मर्यादेच्या बरीच खाली असतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरला सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचं ते पिस्तूल मात्र पॉइंट टू टूचं, काडतुसाचं. त्याला परवाना, पोलीस पडताळणी, सगळं आलं. तुझी गाडी तिथवर पोचेल तेव्हा ठाण्याच्या आयुक्तालयात आपण दोघी खेपा घालू.

परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही हां. बिल, ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड यांच्या झेरॉक्स पेटीच्या झाकणात कायमच्या ठेव. विठ्ठलवाडीहून लोकलने दादर आणि तिथून वरळीला, महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाशील, तेव्हा पेटी कुलूपबंद, साध्या सॅकच्या आत. लेडीज डब्यात कुणी विचारलं, "काय गं एवढं जड?" तर खेळाचं सामान म्हण आणि खिडकीबाहेर बघ. तिथे उघडायची नाही म्हणजे नाही, अगदी मैत्रिणीने गळ घातली तरी. गच्चीवर रील तर अजिबात काढायचं नाही. लांबून बघणाऱ्याला ते हवेचं की काडतुसाचं हे कळत नसतं, आणि पोलिसांना फोन करायला लोकांना दोन सेकंद पुरतात.

आता खरेदी. उल्हासनगरमध्ये वाढलेल्या मुलीला मी काय शिकवणार? 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण दुधाच्या दातांपासून ऐकलाय. तुझं पिस्तूल बघून कुणीतरी म्हणेलच, "निम्म्या पैशात इथेच बनवून देतो." हसून सोडून दे. अधिकृत आयात करणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं. बिलावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर दुकानातच जुळवून बघायचा. आणि पेटीत एक छोटं टार्गेट असतं, ते शोध. कारखान्यात हेच पिस्तूल शिकंज्यात धरून मारलेल्या गोळ्यांचं ते. पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात. तो कागद जपून ठेव. पुढे एखाद्या दिवशी आठ-आठ लागायला लागले आणि "पिस्तूलच वाकडं आहे" असं वाटलं, की काढून बघायचा. माझा तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आमचे हे त्याला माझी जन्मपत्रिका म्हणतात.

सिलिंडरची तारीखही बघ. हवेचा तो नळकांड्यासारखा भाग २०० बारपर्यंत भरलेला असतो, आणि त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. तो दहा वर्षं चालतो, पुढे स्पर्धेत तपासणीवाले बाजूला काढतात. कुणी सेकंडहँड स्वस्तात देतंय म्हणालं, तर आधी ही तारीख वाच आणि मग किमतीवर बोल.

कुठलं घ्यायचं, यावर रेंजवर तुला चार जणी चार नावं सांगतील. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी. सगळी चांगली आहेत, आणि तुझ्या आजच्या स्कोअरला त्यातलं कुठलंच कमी पडणार नाही. मुख्य निवड आहे ती ट्रिगर यांत्रिक हवा की इलेक्ट्रॉनिक, याची. इलेक्ट्रॉनिक अगदी लोण्यासारखा सुटतो, पण त्याला बॅटरी आहे, सर्किट आहे. टोकियोला २०२१ मध्ये मनूचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला, लय गेली आणि अंतिम फेरीही गेली. तिच्यामागे संघाचा सगळा ताफा होता. तुझ्यामागे आहे मी, आणि मला टीव्हीचा रिमोट दुरुस्त करता येत नाही. म्हणून माझं मत यांत्रिकाकडे झुकतं. इलेक्ट्रॉनिकवर जीव जडला असेल तर तेच घे बाई, फक्त जादा बॅटरी पेटीत ठेव.

आणि सगळे पैसे पिस्तुलावर उधळू नकोस. छर्रे लागणार, हवा भरायचा खर्च येणार, रेंजची फी आहे, सपाट तळव्याचे बूट आहेत. छर्रे तर जरा बरेच घे, आणि दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे मारून बघितल्यावरच घे. एकाच डब्याचे सगळ्या नळ्यांना मानवत नाहीत.

आता ग्रिप. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पैसा खरा इथे वसूल होतो. दुकानात हातात घेतलंस की वाटेल, वा, काय बसलं! ते खरं मानू नकोस. पिस्तूल किलोभराचं असतं. पहिली दोन मिनिटं सगळ्यांनाच बसतं. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात, आणि चाळिसाव्या गोळीला ग्रिप कुठे टोचते ते कळतं. दुकानदार 'मीडियम' पुढे करतील, कारण तीच पडून असते. तुझा हात लहान आहे, स्मॉल माग. मोठी ग्रिप घेतलीस तर तर्जनी ट्रिगरपर्यंत ताणावी लागते, ट्रिगर सरळ मागे यायचा तो बाजूला ओढला जातो, आणि मग गोळ्या एका कुशीला का जातायत म्हणून तू महिनाभर साइट फिरवत बसशील.

योग्य मापाची घेतली तरी ती तुझी व्हायला वेळ लागतो. शिंपिणीकडून आलेला ब्लाउज कसा, मापाचा असला तरी एकदा काखेत उसवावा लागतोच. डोळे मिट, हात वर उचल, खाली आण, मग डोळे उघड. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे. डावीकडे किंवा उजवीकडे पळत असेल तर ग्रिप कुठेतरी ढकलतेय. कुठे, ते शोधायला तळहाताला खडू लाव, धर आणि सोड. लाकडावर खडूचा डाग गडद उमटला ती जागा दाबतेय, कोरी राहिली तिथे पोकळी आहे. गडद जागी बारीक पॉलिश पेपरने दोन हात फिरवायचे, पुन्हा धरून बघायचं. पोकळीत लाकडाची पुट्टी भरायची, ओली असतानाच हात धरायचा. दिवसाला एवढंच, आणि कोच समोर असतानाच. आपल्याकडच्या फर्निचरवाल्या सुतारांच्या हातात जादू आहे, मान्य, पण त्यांना द्यायचं नाही. ते एका बैठकीत गुळगुळीत करून देतील, तुझ्या हाताला मात्र धरायला काही उरणार नाही. माझ्या पहिल्या ग्रिपमध्ये लाकूड कमी आणि पुट्टी जास्त आहे, हे मी फक्त तुला सांगतेय.

आणि बघ, आता मनाची तयारी कर. तुझा स्कोअर पडणार. सगळ्यांचा पडतो. नवा ट्रिगर, नवा कोन, नवं वजन, हाताला सगळंच परकं. क्लबच्या त्या खटारा पिस्तुलावर जमत होतं ते लाखाच्या पिस्तुलावर जमेना, की घरात कुणीतरी बोलेल, आणि त्याहून आधी तूच स्वतःला बोलशील. महिना-दोन महिने स्कोअर लिहूच नकोस. कोऱ्या, पांढऱ्या कागदावर मार, गोल नकोच. गोळ्या एका ठिकाणी जमतायत का, एवढंच बघ. आणि जिल्ह्याची किंवा राज्याची स्पर्धा पुढच्या महिन्यात असेल, तर या खेपेला क्लबचंच घेऊन जा, नवं घरी राहू दे. मन मानणार नाही, तरीही.

घरी गोळी मारायची नाही, पण ड्राय फायरिंग रोज. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, पडदा ओढायचा, रिकाम्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि ट्रिगर सोडताना पुढची साइट हलते का ते बघायचं. पंधरा-वीस मिनिटं पुरे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. झालं की नळीत भगवी सेफ्टीची दोरी, पेटी बंद, कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्याकडे. भाचरं आली की "मावशी, एकदाच!" म्हणून लोंबकळतील, त्यांना रेंजवर ने. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. हे मी दर रविवारी ओरडून सांगणार आहे.

ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नकोस, तपासणीला वजन लटकवून बघतात आणि तिथे रडून उपयोग नसतो. थोडं वरच ठेव.

बाकी पहिल्या रात्री तू दोनदा उठून पेटी उघडून बघणारच आहेस, त्याला माझी काही हरकत नाही. तेलाचा तो वास, फोममध्ये कापलेली ती नेमकी जागा, पुसून पुसून बघावीशी वाटणारी नळी. बघ हवं तेवढं. सकाळी ड्युटीवर वेळेत गेलीस म्हणजे झालं.

आता एक काम कर. कागदावर उजवा हात सपाट ठेव, बोटं जरा पसरून, आणि पेन्सिलने कड काढ. तळव्याची रुंदी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी पट्टीने मोज, सेंटीमीटरमध्ये लिही आणि फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. आजच टाक. विक्रेत्याला मी उद्या दुपारी फोन करणार आहे, आणि स्मॉल नसेल तर थांबायचं, हे त्याला तुझ्याआधी मी सांगणार आहे. तुला तो गोड बोलून मीडियम देईल.