पाखरासारखे फूल

शहरातल्या लग्नमंडपात किंवा सभेच्या टेबलावर तुम्ही हे फूल पाहिले असेल. लांब दांडा. दांड्याच्या टोकाला आडवी चोच. चोचीवर केशरी तुरा आणि तुऱ्यात निळा बाण. लांबून वाटते, एखादे पाखरूच मान वळवून बसले आहे. म्हणून इंग्रजीत त्याला 'बर्ड ऑफ पॅरडाइज' म्हणतात. म्हणजे स्वर्गातला पक्षी. शास्त्रातले नाव स्ट्रेलिट्झिया. नाव अवघड आहे खरे. दोनदा मोठ्याने वाचा, जमेल.

हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. तिथे पूर्वेकडच्या किनारपट्टीला ते झुडपांत, नदीकाठी आपोआप वाढते. १७७३ साली ते लंडनजवळच्या क्यू बागेत पोहोचले. त्या वेळी इंग्लंडच्या राणीचे माहेर स्ट्रेलिट्झचे होते. त्यावरून झाडाला नाव मिळाले. राणी झाली तरी माहेर सुटत नाही!

हे फूल कापल्यावर आठ-दहा दिवस सहज टिकते. म्हणून बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे, आणि म्हणून शेतकऱ्यालाही ते लावावेसे वाटते. पण लावल्यावर पुष्कळांची निराशा होते. त्याचे कारण आम्ही जे पाहिले ते असे, की लोक त्याला केळीसारखे वागवतात.

केळ आणि हे झाड एकाच गोतातले आहेत. पण भावाभावांचे स्वभाव कुठे सारखे असतात? केळीला पाणी हवे, खत हवे, आणि ती वर्ष-दीड वर्षात घड देऊन मोकळी होते. घड दिलेली केळ मरते, मुनवे उरतात. या झाडाचे उलटे आहे. फुलाला यायला ते तीन ते पाच वर्षे लावते. बी लावले असेल तर कधी त्याहून जास्त. पण एकदा फुलू लागले की तोच गड्डा वर्षानुवर्षे फुले देतो.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी चिडून आले. म्हणाले, "गुरुजी, तीन वर्सं झाली. पानं हायेत, फुलाचा पत्ता न्हाई. खालची पानं पिवळी पडत्यात. समदी उपटून टाकतो."

आम्ही विचारले, "लावली कुठं?"

"केळीच्या बागेत. त्याच दांडाचं पाणी जातंय. युरिया बी तोच."

आम्ही मळ्यात जाऊन पाहिले. केळीची सावली दाट होती. बुंध्याशी सदा चिखल. त्यांनी दोन झाडे आधीच उपटली होती. त्यांच्या जाड मुळ्या काळ्या पडून मऊ झाल्या होत्या, वास येत होता. मुळ्या कुजल्या की पान पिवळे पडते. ते पाहून माणूस आणखी पाणी देतो, आणि झाड आणखी कुजते. बाकीची झाडे अजून धड होती. ती काढून उंच बांधाकडेला, उघड्यावर लावली. हलवल्यामुळे ती काही महिने रुसली. दोन वर्षांनी त्यांतल्या चार झाडांना चोची आल्या. दोन अजून नुसती पानांवरच आहेत.

तेव्हा जागा आधी पाहावी. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत झाड उंच वाढते, पण फुलत नाही. मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारचे ऊन पान करपवते. तिथे दुपारी थोडी सावली पडेल अशी जागा बरी. काळी जमीन असेल तर वाफा वीतभर उंच करावा, मातीत मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. पागोळीखाली कधीही लावू नये.

गड्डा खोल पुरू नये. मुळ्यांचा माथा मातीच्या वर जरा दिसला तरी चालतो. खोल पुरलेले झाड फुलायला उशीर लावते. आणि दर वर्षी उकरून जागा बदलण्याची हौस करू नये. याच्या मुळ्यांना दाटीवाटी आवडते. कुंडीत असेल तर कुंडी मुळ्यांनी भरेपर्यंत हात लावू नये.

पाण्याचे एकच सांगतो. बोट मातीत घाला. वरची दोन बोटे माती सुकली असेल, तरच पाणी द्या. पावसाळ्यात पाणी देऊ नका, उलट चर काढून वाट करून द्या. खत शेणखताचेच ठेवा. युरिया फार झाला की पानेच पाने होतात.

पानाच्या कडा तपकिरी झाल्या तर पाणी कमी पडले असेल, कोरडा वारा लागला असेल, किंवा विहिरीचे पाणी मचूळ असेल. पान वाऱ्याने फाटले तर काळजी करू नका. केळीचेही फाटते. तो रोग नव्हे. पण देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला आणि मुंग्या चढताना दिसल्या, तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा.

बियांच्या नादी लागू नये, असे आमचे मत आहे. आफ्रिकेत पक्षी त्या निळ्या बाणावर बसतो, बाण उघडतो आणि पराग पक्ष्याच्या पायांना चिकटतो. आपल्याकडे हे क्वचितच जमते, म्हणून बी कमी धरते. त्यापेक्षा जुना, फुललेला गड्डा फोडून मुळ्यांसकट लावावा. फुलेही लवकर येतात आणि जातही नक्की कळते.

जात कळणे महत्त्वाचे आहे. रोपवाटिकेत याच नावाने दुसरी झाडेही मिळतात. एक पांढऱ्या फुलाचे, ते वीस फुटांवर जाते आणि फुलायला फार वर्षे लावते. दुसरे हेलिकोनिया. ते अमेरिकेच्या उष्ण भागातले, त्याला ओल आणि थोडी सावली चालते. कोकणातल्या परसात तेच बरे. पैसे देण्याआधी फुललेले झाड दाखवायला सांगा.

फूल कापताना पहिला केशरी तुरा चोचीतून बाहेर आला की दांडा बुंध्यापासून कापावा. सकाळची वेळ चांगली. दांडा लगेच पाण्यात ठेवावा. चोचीच्या आत आणखी फुले दडलेली असतात. पहिले सुकले की चोच थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवावी आणि अंगठ्याने दुसरे अलगद वर काढावे.