नमुना पाठ : सीडीवर आवाज कसा साठविला जातो?

इयत्ता : सातवी
विषय : सामान्य विज्ञान
वेळ : दोन तासिका
साहित्य : एक जुनी सीडी, मोजपट्टी, मागील वर्षाचे हजेरीपत्रक, रंगीत खडू

पाठाचे प्रयोजन

अनेक शाळांच्या कपाटांत गाण्यांच्या व गोष्टींच्या जुन्या सीडी पडून आहेत. काही नीट वाजतात, काही अडखळतात. सीडीवर काय व कसे लिहिलेले असते हे विद्यार्थ्यांना कळावे आणि जे अजून वाचता येते ते वेळीच उतरवून घेतले जावे, या दुहेरी हेतूने हा पाठ योजिला आहे. उदाहरणे वडीगोद्री (ता. अंबड) परिसरातील आहेत, अन्य शाळांनी आपापल्या गावची घ्यावीत.

प्रस्तावना

पुढील प्रश्न विचारावेत : जात्यावर दळताना बायका काय म्हणत? तुमच्या घरी ओव्या कोणास येतात? ती व्यक्ती नसताना तिचा आवाज ऐकावयाचा असल्यास काय करावे लागेल?

हेमा राईरकर व गी प्वातवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगाव येथेही 1996 मध्ये ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या आवाजांतील काही आज अंकीय स्वरूपात ऐकावयास मिळतात, हे सांगावे.

हेतुकथन

आवाज आकड्यांच्या रूपाने कसा जपला जातो, हे आज आपण पाहू.

विषयप्रतिपादन

(1) आवाजाचे आकडे. आवाज म्हणजे हवेतील कंप. ग्रामोफोनच्या तबकडीत या कंपाच्या आकाराचीच वळणदार खाच कोरलेली असते. सुई फिरून फिरून ती झिजते. सीडीची रीत निराळी आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यातील पाण्याची उंची ठरावीक वेळाने मोजून वहीत लिहिली, तर त्या आकड्यांवरून पाण्याच्या चढउताराची रेषा पुन्हा काढता येते. मात्र मोजणी फार विरळ झाल्यास मधला चढउतार निसटतो. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे 20,000 कंपांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो टिपण्यास दुपटीहून अधिक मोजण्या हव्यात. म्हणून सीडीसाठी सेकंदाला 44,100 मोजण्या घेतात. प्रत्येक मोजणी 65,536 पायऱ्यांच्या पट्टीवर केली जाते आणि 0 व 1 या दोनच अंकांनी, 16 स्थानांत लिहिली जाते. अशा प्रत्येक स्थानास बिट म्हणतात. फलकावर 5 = 101, 6 = 110 अशी उदाहरणे लिहावीत.

(2) आकड्यांच्या खुणा. सीडीचा व्यास 12 सेंटिमीटर असतो. पारदर्शक पॉलीकार्बोनेटच्या चकतीवर ॲल्युमिनियमचा पातळ थर व त्यावर संरक्षक आवरण असते. चकतीत आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल वाटेवर सूक्ष्म खड्डे असतात. दोन फेऱ्यांतील अंतर 1.6 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात 625 फेरे बसतात. पूर्ण भरलेल्या सीडीवरील ही वाट उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. लेसर किरण या वाटेवरून परावर्तित होतो. खड्डा म्हणजे 1 व सपाटी म्हणजे 0 असे सांगण्याची चूक पुष्कळदा होते. वस्तुतः खड्ड्याची कड, म्हणजे बदलाची जागा, 1 दर्शविते. बदल नसेल तेथे 0.

(3) चुकीची दुरुस्ती. हा पाठाचा गाभा होय. हजेरीपत्रकात प्रत्येक विद्यार्थ्यासमोर महिन्याची बेरीज असते. एका दिवसाच्या उभ्या रकान्यावर शाई सांडली, तर प्रत्येकाची एकेकच नोंद जाते व बेरजेवरून ती परत मिळते. पण शाई एकाच विद्यार्थ्याच्या आडव्या ओळीवर सांडली, तर बेरीज उरूनही कोणता दिवस हजेरीचा हे कळत नाही. सीडीवर आठ-आठ बिटांच्या 24 गटांमागे पडताळ्याचे 8 गट जोडतात आणि सलग आकडे दूरदूर विखरून लिहितात, जेणेकरून एक डाग एकाच हिशेबावर पडू नये. वाटेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतची हानी यंत्र अशा रीतीने पूर्ण भरून काढते. त्यापुढे मात्र ते आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज करते. तोही न साधल्यास आवाज तुटतो.

उपयोजन

सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसल्यास वाटेच्या दिशेने ओरखडा पडून सलग आकडे नष्ट होतात. नाव छापलेल्या बाजूस विशेष जपावे. खुणा त्याच आवरणालगत असतात. घरी वा शाळेत लिहिलेली सीडी उन्हात ठेवू नये. आकडे शाबूत आहेत तोवर नक्कल मूळाइतकीच शुद्ध निघते. म्हणून प्रती आजच काढून दोन ठिकाणी ठेवाव्यात.

स्वाध्याय

1. दोन बाजूंच्या आवाजासाठी सेकंदाला किती बिटे लागतात? (44,100 × 16 × 2 = 14,11,200) एका मिनिटास किती?
2. 0 ते 15 हे अंक दोनच अंकांत लिहा.
3. घरातील वा शेजारच्या वृद्ध स्त्रीच्या संमतीने तिची एक ओवी मोबाइलवर मुद्रित करा. तिचे नाव, गाव व दिनांक वहीत नोंदवा.

तिसरा स्वाध्याय शिक्षकांनी पुढील वर्षावर ढकलू नये. सीडीवरील ओरखडा काही अंशी भरून निघतो. न टिपलेला आवाज परत मिळविण्यास कोणताही पडताळा उपयोगी पडत नाही.