मागे उभा राहणारा खेळाडू

मुलांनो, आपल्या सातारा-सांगली भागात कबड्डी कोणाला ठाऊक नाही? चढाई करणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण कोपऱ्यावर दबा धरून उभा असलेला खेळाडू चुकला, तर सामना हातचा जातो. फुटबॉलमध्येही असेच असते. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. प्रतिस्पर्ध्यांचे हल्ले परतवणारा बचावपटू मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याची चूक झाली, तरच लोक त्याचे नाव विचारतात.

एकदा आमच्या शाळेच्या संघात मी एका मुलाला मागे उभे केले. तो रुसून म्हणाला, "सर, मला पुढे खेळू द्या. मागे मी कोणाला दिसणार?" तेव्हा मी त्याला राहुल भेके याची हकीकत सांगितली.

राहुलचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. मुंबई एफ.सी. या संघात तो बचावपटू म्हणून खेळला. तेथे खालिद जमील प्रशिक्षक होते. तेच पुढे २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. राहुल नंतर कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून खेळला आणि २०१७ मध्ये बंगळुरूच्या संघात आला.

१७ मार्च २०१८ रोजी इंडियन सुपर लीग स्पर्धेचा अंतिम सामना झाला. घरच्या मैदानावर बंगळुरूचा संघ चेन्नईकडून ३-२ असा हरला. तीन गोल झाले, याचे दुःख बचाव करणाऱ्यांनाच जास्त होते.

बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, हाच संघ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. या वेळी मैदान मुंबईचे होते आणि समोर गोव्याचा संघ होता. ९० मिनिटे संपली, तरी गोल झाला नाही. जादा वेळही संपत आला. इतक्यात बंगळुरूला कोपऱ्यावरून चेंडू मारण्याची संधी मिळाली. राहुल पुढे आला होता. त्याने उंच उडी घेतली आणि डोक्याने चेंडू गोलमध्ये मारला. त्याच एका गोलने सामना जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, तो भारतीय संघाकडून प्रथम खेळला.

एप्रिल २०२२ मध्ये तो मुंबई सिटी संघात होता. रियाध शहरात या संघाने इराकच्या हवाई दलाच्या क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय होता. विजयी गोल राहुलनेच डोक्याने केला.

तरीही त्याचे रोजचे काम गोल करण्याचे नव्हते. चेंडूबरोबरच समोरच्या खेळाडूवर नजर ठेवणे, घाईने पाय न घालणे, सोबत्यांना हाक देऊन सावध करणे, हे त्याचे काम होते.

तो मुलगा मागे खेळला. आमचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. घरी जाताना तो हळूच म्हणाला, "सर, त्यांना एकही गोल करता आला नाही!"

शब्दार्थ
दबा धरणे – संधीची वाट पाहत टपून राहणे
प्रतिस्पर्धी – विरुद्ध बाजूने खेळणारा
हकीकत – घडलेली गोष्ट

स्वाध्याय
१. बचावपटूची कामे कोणती?
२. शेवटी मुलाला कशाचा आनंद झाला?