सेल्फ घेत नाही, तेव्हा

अरे, एक्साइड घेऊ की अमरॉन, हे तू फोनवर विचारलंस. दोन्ही चालतील. कंपनीचं नाव मी फार मागे ठेवतो. आधी बॅटरीच गेली आहे ना, ते बघ.

सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक येत असेल तर पहिला संशय टर्मिनलवर घे. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घास, कोरडं कर, नट आवळ, वर व्हॅसलीन लाव. मग मीटर लाव. डिजिटल मल्टिमीटर स्वस्तात मिळतो, गाडी असलेल्या माणसाकडे तो असायलाच हवा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 यायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे, आणि नवी बॅटरीही आठवड्याभरात उतरेल. भरलेल्या बॅटरीवर कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. आकडा साडेनऊच्या खाली पडला तर मात्र तिची वेळ झाली. चांगल्या दुकानात लोड टेस्टरही असतो, तो लावून मगच ठरव.

आता तुझ्या गावाची गोष्ट. इन्नंबूरहून कुंभकोणमला बँकेत जायचं म्हणजे अंतर ते किती! एवढ्याशा फेरीत सेल्फने खाल्लेली वीज पुरती परत भरत नाही. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस, म्हणजे दिवे, वायपर, काचेवरची वाफ घालवायचा पंखा सगळं एकदम चालू. आणि उन्हाळा तर विचारूच नकोस. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. थंडीत ती फक्त उघडी पडते. मारते ती उष्णता. जुन्या जाणत्यांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं. आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. तेव्हा तिकडे तीन-चार वर्षं चालली तर समाधान मान, गाडी झाडाखाली लाव आणि रविवारी तंजावरपर्यंत एक लांब फेरी मारून आण.

तुमच्या गावच्या एळुत्तरिनाथाच्या देवळात मुलांना शाळेत घालण्याआधी अक्षरांसाठी नेतात ना? तूही जुन्या बॅटरीवरची अक्षरं नीट वाच. 38बी20एल असं काहीतरी असेल. त्यातले 38 म्हणजे अँपिअर-अवर नव्हेत, ती बॅटरी 35 अँपिअर-अवरची असते. 20 म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. हे एक अक्षर चुकलं तर केबल पोचत नाही, मग दुकानातला पोरगा ती ओढूनताणून बसवतो. तसं होऊ देऊ नकोस. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. साधी बसवली तर लवकर मान टाकते. थोडी मोठी बसते म्हणून मोठी घे, असं कुणी म्हणालं तर गाडीचं मॅन्युअल उघड आणि त्यात लिहिलंय तेच घे.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तारखेची. बॅटरी दुकानात पडल्या पडल्या उतरत असते, उन्हाच्या प्रदेशात जास्त वेगाने, आणि उतरलेल्या अवस्थेत महिने काढले की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. ते नंतर चार्जिंगने पुरतं निघत नाही. म्हणून डब्यावरचा उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घे. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, सहा महिन्यांच्या पुढची फुकट दिली तरी नको. एक्साइडचा एक कारखाना होसूरला, अमरॉनवाल्यांचा तिरुपतीला. दोन्ही तुला आपल्या चिंचवडच्या कारखान्यापेक्षा कितीतरी जवळ. तिकडे शिळा माल घ्यायचं काही कारण नाही. रस्त्यावरच्या, माल सतत खपणाऱ्या दुकानात जा. बोर्ड कितीही झगमगीत असला तरी आत धूळ खात पडलेल्या बॅटऱ्या दिसल्या की परत फीर. घेण्याआधी तिथेच मीटर लाव. साडेबाराच्या खाली दाखवत असेल तर दुसरी माग.

वॉरंटीच्या आकड्याला भुलू नकोस. 48 महिने म्हणतात, त्यात पहिले 24 महिने बदलून देण्याचे आणि पुढचे 24 नुसत्या सवलतीचे, असं असू शकतं. ती सवलतही छापील किमतीवर धरतात, आणि बाजारात तर तू छापीलपेक्षा कमीच देतोस. म्हणून फुकट बदलण्याचे महिने किती, एवढंच विचार. बिलावर गाडीचा नंबर, बॅटरीचा सिरीयल नंबर आणि तारीख घालून घे. कार्डावर शिक्का हवा. तू सुट्टीला इकडे आलास आणि बॅटरी इथे गेली तर बिलाशिवाय कुणी दाद देणार नाही.

बदलताना आधी निगेटिव्ह काढायची, पॉझिटिव्ह नंतर. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. नाहीतर पाना पॉझिटिव्ह आणि गाडीचा पत्रा दोन्हीकडे टेकला की ठिणगी उडते. गणपतीला गाडी तिकडेच ठेवून महिनाभर इकडे येशील तेव्हा निगेटिव्ह सोडून ठेव. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच टाक, बोअरचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही.

आमची फियाट हँडल मारून चालू करता यायची. तुझ्या ऑटोमॅटिकला धक्काही चालत नाही, त्यामुळे ‘अजून महिनाभर ढकलू’ हा विचार सोड.

आणि जुनी बॅटरी फिरत्या भंगारवाल्याला देऊ नकोस. उघड्यावर फोडून शिसं वितळवतात, ते विष मातीत आणि मुलांच्या पोटात जातं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत ठिकाणीच जायला हवी. ती दुकानातच ठेव आणि तिची किंमत बिलातून वजा करून घे.